लाडकीला अडीच लाख, निराधाराला एकवीस हजार: आपल्या कोकणात नक्की कोणाचं भलं झालं?

आगरातला माड | ११ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. पक्षाची नावं घेऊन भांडायचं असेल तर त्यासाठी इथे ढीगभर धागे आहेत. हा त्यातला करू नका, ही विनंती.

आमच्या शेजारी एक आक्का राहते. गाव गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात कुठेतरी समजा. नवरा २००३ साली गेला. एक मुलगा नालासोपाऱ्याला वॉचमन, त्याचंच त्याला पुरत नाही. गणपतीला येतो, शिमग्याला सुट्टी मिळाली तर. आक्का सुपाऱ्या सोलते, पावसात लावणीला जाते, कुणाकडे कार्य असलं की भांड्यांना. गेल्या वर्षी रक्षाबंधनाच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते मिळून ३,००० जमा झाले, तेव्हा पासबुक घेऊन आमच्या ओटीवर आली आणि तो आकडा माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

यंदाच्या सुरुवातीपासून हप्ता बंद. आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९६०, म्हणजे पासष्ट पूर्ण. म्हटलं ठीक, पासष्टच्या पुढे म्हाताऱ्यांच्या पेन्शनची श्रावणबाळ योजना आहे. तिला गाडीवर घालून तालुक्याला नेलं. तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो, वर्षाला २१,००० च्या आतला. तो मिळेना. "मुलगा मुंबईला आहे ना? मग एकवीस हजारांत बसवू कसं?"

येताना गाडीवर मी हिशेब करत होतो. लाडक्या बहिणीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. निराधार म्हातारीने मात्र २१,००० च्या आत असल्याचं सिद्ध करायचं, म्हणजे महिन्याला १,७५०. जिच्याकडे काहीच नाही तिच्याकडेच जास्त पुरावे मागायचे, ही कुठली रीत?

माझं मत सरळ आहे. मतं जिथे आहेत तिथे दार सताड उघडलं, आणि जिथे मतं थोडी, थकलेली, एकेकटी आहेत तिथे दाराला अडसर तसाच राहिला. तुमच्या गावात काय अनुभव? माझं चुकत असेल तर सांगा, राग येणार नाही. (थोडा येईल.)

---

बांगडा फ्राय | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५२

पयलो नंबर! वाचतंय सावकाश.

---

लालडबा | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धाग्याशी सहमत. एक भर घालतो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे सगळ्यांनाच त्याच्याही आधीपासून फुकट. फार चांगलं केलं, त्यात दुमत नाही. पण आमच्या वाडीला सकाळी सातची आणि संध्याकाळी पाचची अशा दोन गाड्या होत्या, त्या एसटीच्या संपात बंद पडल्या. संप मिटला २०२२ च्या एप्रिलात, सातची सुरू झाली, पाचची नाही झाली. म्हणजे तालुक्याला जाताना म्हातारी अर्ध्या तिकिटात आणि येताना वडापला (खासगी जीपला) चाळीस रुपये. सवलत मिळाली, परतीची गाडी गेली.

गणपतीत मात्र गाड्यांची रांग. चाकरमान्यांचं मत मुंबईत असो की गावात, दोन्हीकडे मोजतात ना.

---

रापण | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०३

माड, तुमच्या आक्काबद्दल वाईट वाटलं. पण तुमचा सूर मला पूर्ण पटला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आई मच्छी विकते. हर्णैच्या बाजूची आम्ही. पहाटे लिलावाला उभं राहायचं, पाटी भरायची, गावोगाव फिरायचं. जून-जुलै दोन महिने बोटी बंद, तेव्हा घरात सुकं असेल तेवढंच. चाळीस वर्षं कमावती बाई, पण पैसा कधी तिच्या हातात राहिला नाही. आधी बापाकडे, मग भावाच्या बोटीचं कर्ज, मग आमची शिक्षणं. बँकेतलं खातंसुद्धा ह्या योजनेसाठी पहिल्यांदा उघडलं.

तिने काय केलं माहितेय? पाच हप्ते साठवले आणि कवळी करून घेतली. आम्हाला सांगितलंसुद्धा नाही. एके दिवशी बाजारातून आली ती हसतच. त्या आधीची किती वर्षं ती तोंडाला पदर लावून हसायची, हे मला तेव्हा लक्षात आलं.

तर 'मतांसाठी दिले' हे खरंच आहे. निवडणूक २० नोव्हेंबरला आणि पैसे ऑगस्टपासून, आंधळ्यालाही दिसेल. पण मतांसाठी का होईना, तिच्या नावावर, तिच्या खात्यात आले. घरातल्या कुठल्या पुरुषाने ते चाळीस वर्षांत केलं नव्हतं.

---

हिशेबनीस | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

रापण, भावना समजली. पण सरकारी तिजोरी भावनेवर चालत नाही. आकडे बघा. दोन-सव्वादोन कोटींहून अधिक बायका, महिन्याला १,५००. साध्या गुणाकाराने वर्षाला चाळीस हजार कोटींच्या घरात जातं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६,००० कोटींची. मग गाळणी लावणं आलंच. जुलैत २६ लाखांवर लाभार्थ्यांचे पैसे थांबवले, चौदा हजारांवर तर पुरुषच निघाले. शेतकरी सन्मानचे पैसे घेणाऱ्या बाईला इथे ५०० च. प्रचारात कबूल केलेले २,१०० कुठे गेले ते कोणी विचारतही नाही.

आणि मे महिन्यात सामाजिक न्याय व आदिवासी विकास या दोन खात्यांचे मिळून सातशे कोटींहून जास्त ह्या योजनेकडे वळवले. तेव्हा खुद्द सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. धागाकर्त्याचा मुद्दा मी तिजोरीच्या बाजूने मांडतो: एका गरिबाच्या ताटातलं दुसऱ्या गरिबाच्या ताटात.

---

बांगडा फ्राय | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:३१

चौदा हजार लाडके भाव! रक्षाबंधनाक राखी कोणी कोणाक बांधली ता पयला सांगा.

---

माजी सदस्य | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

मी दोन टर्म ग्रामपंचायतीत होतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

हिशेबनीस, अर्धं सांगू नका. त्या वळवलेल्या पैशांवर सरकारचं उत्तर असं होतं की अनुसूचित जाती-जमातींच्या बायकाही लाभार्थी आहेत, त्यांच्या वाट्याचा खर्च त्या खात्यांतून दाखवला. पटो न पटो, बाजू दोन्ही सांगाव्यात.

माड, तुम्ही गेलात थेट कार्यालयात. तिथेच चूक झाली. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांची प्रकरणं तालुक्याच्या समितीपुढे जातात. समितीत अशासकीय सदस्य असतात, त्यांची नावं पालकमंत्र्यांकडून येतात. तुमच्या भागातला सदस्य गाठा, त्याच्या कानावर घाला. काम होईल. मी सत्तर-ऐंशी प्रकरणं अशीच करून दिली आहेत, एक रुपया घेतला नाही. गावातला कार्यकर्ता काही राक्षस नसतो. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स आणणारा तोच असतो.

---

आगरातला माड | १२ ऑक्टोबर, दुपारी १:१०

माजी सदस्य, तुम्ही काम केलंत त्याबद्दल आदरच आहे. पण तुमच्या प्रतिसादातच माझा मुद्दा आला ना? हक्काच्या पैशासाठी कुणाच्या तरी कानावर घालावं लागतं. ज्याच्या ओळखीचा सदस्य नाही, किंवा जो गेल्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूला फिरत होता, त्याने काय करायचं?

---

माजी सदस्य | १२ ऑक्टोबर, दुपारी १:२५

त्याने पाच वर्षं थांबायचं. :) गंमत केली हो. पण खोटंही नाही.

---

डोंगरवाडीचे गुरुजी | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

मी रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आदिवासी वाडीवर. समुद्र डोंगरावरून दिसतो, एवढाच आमचा किनाऱ्याशी संबंध. पालकमंत्र्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्याला जानेवारीत पालकमंत्री जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी स्थगिती आली. मित्रपक्षांची रस्सीखेच. जिल्हा परिषदेत २०२२ च्या मार्चपासून प्रशासक आहे. म्हणजे ज्याच्या 'कानावर घालायचं' तो कानच जागेवर नाही.

आता माझ्या वाडीची गोष्ट. कातकरी कुटुंबं. दिवाळी झाली की वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात, पाऊस जवळ आला की परत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडायला. लाडक्या बहिणीचे फॉर्म भरले तेव्हा पावसाळा होता, वाडी भरलेली होती, म्हणून बऱ्याच जणींचे भरले गेले. आता गेल्या महिन्यात ई-केवायसी करा असा आदेश आला, दोन महिन्यांची मुदत. वाडीत फोन आहेत, पण आधारला जोडलेला नंबर चालू असलेली बाई दहांत एक. रिचार्ज संपला की कार्ड फेकतात आणि नवीन घेतात, ते स्वस्त पडतं. ओटीपी जातो त्या फेकलेल्या कार्डावर.

परवा शाळा सुटल्यावर पाच जणींना घेऊन केंद्रावर गेलो. साइट बंद. दुसऱ्या दिवशी साइट चालू, पण नवा नंबर आधारला जोडायचा तर अंगठा उठत नाही. मातीत आणि विटांत काम करणाऱ्या हाताला रेषा राहतात कुठे? रेशनवरही तेच. दुकानदार ओळखतो, पोरांची नावं घेऊन बोलतो, पण मशीन ओळखत नाही.

दिवाळी आठ दिवसांवर आली. ट्रक येऊन उभा राहिला की वाडी रिकामी.

मी राजकारणावर मत द्यायचं नाही, सरकारी नोकर आहे. एवढंच म्हणतो की फॉर्म भरायच्या वेळी वाडीवर चार पक्षांची माणसं टेबल टाकून बसली होती. ई-केवायसीला एकही टेबल नाही.

---

रापण | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

गुरुजी, शेवटची ओळ लागली. खरं आहे. आमच्याकडेही फॉर्मच्या वेळी मंडप होता, चहा होता.

---

पोषण आहार | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मी अंगणवाडी सेविका. सगळे सरकार सरकार म्हणताय, ते फॉर्म भरले कोणी? आम्ही. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत, रेंज मिळते त्या सड्यावर (कातळाच्या माळावर) जाऊन. ॲप चालायचं पहाटे चारला. माझ्या मुलीची बारावी होती त्या वर्षी, तिने पण भरले.

आता बायका मलाच विचारतात, 'ताई, माझे का बंद झाले?' मी काय सांगू? यादी मी केली नाही, गाळणी मी लावली नाही, पण दाराशी उभी मीच असते. एकीने तर बोलणंच टाकलंय.

आणि माड, तुमच्या आक्काचा हप्ता वयाने बंद झाला नसता तरी ई-केवायसीला अडलाच असता. त्यात नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागतात.

---

आगरातला माड | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४१

नवरा २००३ साली गेला. तेव्हा आधार जन्मालाही आलं नव्हतं. वडील त्याच्याही आधी. आता दोघांचं आधार कुठून आणायचं?

---

बांगडा फ्राय | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४४

म्हाळाच्या दिवसांत कावळ्याक विचारूक होया होता. पितृपक्ष उलटलो, आता पुढच्या वर्षी.

---

पोषण आहार | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

हसू नका हो, माझ्याकडे अशा अकरा जणी आहेत. वर कळवलंय, अजून तोडगा नाही.

---

कातळसडा | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

सगळा धागा १,५०० रुपयांत अडकलाय म्हणून थोडं बाहेर काढतो. राजापूर तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे राजकारण म्हणजे प्रकल्प. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ च्या मार्चमध्ये रद्द झाली, लोकसभेच्या तोंडावर. मग २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर माती परीक्षण, पोलीस बंदोबस्त, बायका उन्हात आडव्या. तेव्हाचे विरोधक आधी बाजूने होते, तेव्हाचे समर्थक आधी विरोधात. कोण कुठे होतं ते आता त्यांनाच आठवत नसेल.

दुर्बळ कोण, ते सांगतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो दुर्बळ नाही, त्याला निदान नोटीस तरी येते. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर दुसराच, अशी बेदखल कुळं, सड्यावर गुरं चारणारे, पड जमिनीत नाचणी करणारे, खाडीत कालवं काढणाऱ्या बायका, ह्यांचा कागदच नाही. मुंबईतला भाऊबंद सही करून एकरानं विकून मोकळा होतो आणि इथे कसणाऱ्याला कंपाउंड पडल्यावर कळतं. ह्यावर कुठल्या पक्षाची सभा झालेली मला आठवत नाही.

---

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

प्रकल्प नको, योजना नको, मग हवंय काय? रोजगार आला नाही म्हणून तर पोरं नालासोपाऱ्याला वॉचमन होतात. प्रत्येक गोष्टीला विरोध करून

---

कातळसडा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून आमचा सडा विकायला निघालात का? ते काजूचं झाड

---

संचालक | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

दोघांचे पुढचे प्रतिसाद छाटले आहेत. प्रकल्पांसाठी वेगळा धागा काढा. काजूच्या झाडाला कोणी काही बोललेलं नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

कातळसडांच्या एका मुद्द्याला मात्र पूर्ण अनुमोदन: कागद नसलेला माणूस. आपत्तीत हे फार उघडं पडतं.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. माझ्या मामाची श्रीवर्धनच्या बाजूला वाडी, बारा गुंठे, नारळ-सुपारी, सगळं आडवं. आधी भरपाई हेक्टरी हिशेबाने. आता गुंठ्यांतल्या वाडीला हेक्टरी हिशेब लावला तर हातात काय येणार? ओरड झाली, मग झाडामागे ठरलं: नारळाला २५०, सुपारीला ५०. सुपारी लावल्यापासून फळ धरेपर्यंत सहा-सात वर्षं जातात, ते सोडा. तेव्हा सरकार दुसरं होतं बरं का, म्हणून पक्षाचा प्रश्न नाही म्हणतो.

खरी गंमत पुढे. सामाईक सातबारा. मामाच्या उताऱ्यावर सदतीस नावं. त्यातली निम्मी मयत, काही बडोद्याला, एक आत्या कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांची संमती आणा तर पैसे. मामाने पडलेल्या माडांची लाकडं विकली आणि विषय सोडला. त्या आगरात वीस वर्षं पाणी शिंपणारा गडी होता, त्याचं तर कुठल्याच यादीत नाव नव्हतं. झाडं पडली मालकाची, रोज गेला त्याचा.

चिपळुणात २०२१ च्या २२ जुलैला पाणी भरलं तेव्हा पंचनामे दुकानांचे आणि घरांचे झाले. दुकानात काम करणाऱ्या पोरींचे तीन महिन्यांचे पगार बुडाले, त्याचा पंचनामा कोण करणार?

---

नवी सून | १३ ऑक्टोबर, दुपारी २:००

वाचनमात्र होते, आज लिहिते. लग्न होऊन अलिबागकडच्या गावात आले. इथे नुसतं मंत्रालयातलं राजकारण नाही हो, गावकीचं पण आहे. एका घराला वाळीत टाकलं होतं, दोन वर्षं कोणी बोलत नव्हतं, दुकानात सामान देत नव्हते. २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा दाखवल्यावर गावकी थोडी नरमली. तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. म्हणजे राज्याने केलेलं सगळंच निवडणुकीपुरतं नसतं. हा कायदा कुणाच्या मतांसाठी नव्हता, उलट मतं गेलीच असतील.

---

आगरातला माड | १३ ऑक्टोबर, दुपारी २:३०

नवी सून, छान मुद्दा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहीत राहा.

---

नालासोपारा फास्ट | १४ ऑक्टोबर, रात्री १२:५०

रात्रपाळीला आहे, सगळा धागा वाचला. मी तुमच्या आक्काचा मुलगा नाही, पण मी तोच आहे.

आई गावी, वय बहात्तर. मी सिक्युरिटीत, बारा तासांची पाळी, सुट्टी घेतली की पगार कापतात. भाडं, पोराची फी, लोकल. महिन्याला आईला दोन हजार पाठवतो, कधी पंधराशे. आणि ह्याच दोन हजारांमुळे तिची पेन्शन अडली. दाखला मागायला गेली तर विचारलं, मुलगा पैसे पाठवतो का? तिने खरं सांगितलं. दोन हजार गुणिले बारा म्हणजे चोवीस हजार. बाद.

पाठवले नसते तर पात्र ठरली असती. मी वाईट मुलगा झालो असतो तर आईला सरकारने विचारलं असतं. हे कोणी ठरवलं, त्याला एकदा भेटायचंय. रोजगार हमीवर ३१२ रुपये रोज आहे म्हणे. म्हणजे कोणी वर्षात ६८ दिवस काम केलं की तो एकवीस हजारांच्या वर. सरकारच्या कामावर सरकारची मजुरी घेतली की सरकारच्या हिशेबाने तुम्ही निराधार नाही.

पूर्वी कोकण मनीऑर्डरवर जगतं म्हणायचे. तेव्हा निदान पोस्टमन आला की आई चारचौघांत सांगायची, झिलग्याने पाठवले. आता म्हणते, फोनवरनं पाठव, कोणाला कळू नको देऊस.

---

रापण | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

काय लिहू. वाचलं.

---

लालडबा | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ह्या प्रतिसादापुढे माझी पाचची गाडी काहीच नाही.

---

हिशेबनीस | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

फास्ट, तुमच्या ६८ दिवसांचा गुणाकार तपासला. २१,२१६. बरोबर आहे.

मी सरसकट वाटपाच्या विरोधात आहे आणि राहीन. पण ही मर्यादा हास्यास्पद आहे हे मान्य. पेन्शनची रक्कम ६०० वरून १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली, दिव्यांगांना ह्या महिन्यापासून २,५०० झाली. प्रत्येक वाढीची घोषणा झाली, कारण घोषणा करता येते. मर्यादा वाढवली तर लाभार्थी वाढतात, खर्च वाढतो आणि पोस्टरवर छापायला काहीच मिळत नाही. म्हणून ती तिथेच. धागाकर्ते, शीर्षकाला माझं अनुमोदन घ्या. एकदाच मिळतं.

---

बांगडा फ्राय | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:२२

हिशेबनीसान अनुमोदन दिल्यान! मुंबय-गोवा हायवे पुरो झालो काय काय?

---

पोषण आहार | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

माड, एक गोष्ट विचारायची राहिली. आक्काची जन्मतारीख ०१/०१ आहे म्हणालात. म्हणजे आधार काढताना अंदाजे टाकलेली. आमच्याकडे अर्धा गाव एक जानेवारीला जन्मलाय. खरी किती ते विचारा. शाळेत गेली असेल तर दाखला निघेल.

---

आगरातला माड | १४ ऑक्टोबर, रात्री ८:१५

विचारलं. म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत. मडकी पडली उतरंडीवरची, आईने मला उचलून अंगणात नेलं." भूकंप डिसेंबर १९६७ चा. म्हणजे जन्म १९६१ धरू. पासष्ट व्हायला अजून आहेत!

---

माजी सदस्य | १४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

अहो, दुरुस्त करू नका! चौसष्टची झाली तर श्रावणबाळ हातचं जाईल, आणि लाडक्या बहिणीला ई-केवायसीत मेलेल्या नवऱ्याचं आधार लागेल. दोन्हीकडून गेली. आहे ती चुकीची तारीखच तिच्या फायद्याची.

दुसरं विचारतो. २१,००० चा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, दोहोंपैकी एक चालतं. यादी बघितली का? पिवळं रेशनकार्ड आहे का तिच्याकडे?

---

डोंगरवाडीचे गुरुजी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

सदस्य बरोबर सांगतायत. यादीतला क्रमांक ग्रामपंचायतीत मिळेल. कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचं नाव असेल, त्या नावाने शोधा, तिच्या नाही.

फास्ट, तुम्हीही आईसाठी हेच बघा.

---

नालासोपारा फास्ट | १४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

उद्या पुतण्याला पाठवतो ग्रामपंचायतीत. हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

---

आगरातला माड | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५५

मंडळी, अपडेट.

पिवळं कार्ड आहे. रेशनच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ग्रामपंचायतीत यादी उघडली, नवऱ्याच्या नावाने क्रमांक सापडला. बावीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस तिथे अजून कुटुंबप्रमुख आहे. मृत्यूचा दाखला जोडून ग्रामसेवकांनी पत्र दिलं, चांगला माणूस आहे. आज तालुक्याला अर्ज दिला. माजी सदस्य, तुमचे आभार, मनापासून. कुणाच्या कानावर न घालता अर्ज तरी आत गेला.

मंजुरी कधी विचारलं तर टेबलावरचे म्हणाले, समितीची बैठक लागेल तेव्हा. आता जिल्हा परिषदेच्या निवडणुका येतायत, त्याआधी बसली तर बसली, नाहीतर आचारसंहिता लागेल, मग पुढे.

आक्का गाडीवर गप्प होती. घर आल्यावर उतरली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "ही आचारसंहिता कोण रे? तिलाच जाऊन भेटून येऊया का?"

---

पोषण आहार | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

अर्जाची पोच घेतलीत ना? तारीख-शिक्क्यासकट?

---

आगरातला माड | १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१४

घेतली. पिवळ्या कार्डाबरोबर त्याच प्लास्टिकमध्ये ठेवलीय तिने.